दुसरं मॅगझिन

भाचा आला की आधी जेवतो, मग बोलतो. गणपतीत पोलिसाला रजा मिळत नाही, हे आता आमच्या घरात कुणी बोलूनही दाखवत नाही. त्यामुळं तो पितृपंधरवड्यात चार दिवसांसाठी आला. जेवला, ताट सारलं, आणि दाराआड टेकवून ठेवलेली माझी लांब दांड्याची छत्री उचलली. मग टीव्हीचा रिमोट घेतला. पापडाच्या डब्याला लावलेली दोन रबरं काढली आणि रिमोट छत्रीच्या मधोमध, डाव्या अंगाला, करकचून बांधला.

"मामा, हे असं. कसं वाटतंय?"

बहिणीला वाटलं, रिमोट बिघडलाय. मला मात्र लगेच उमगलं. छत्री ही रायफल, रिमोट हे जादाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरलेली, रायफलखाली लावायची डबी. ते अंगावर बाळगायचं की रायफललाच बांधून टाकायचं, एवढं पोरगं विचारत होतं. हा प्रश्न आमच्या वेळच्या प्रत्येक बरॅकमध्ये झडलेला आहे.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीला आलो. दोन टेन्युअर, म्हणजे नेमणुका, फौजेच्याच राष्ट्रीय रायफल्समध्ये काढली, दोन्ही काश्मीरमध्ये. आता साताऱ्यात एका बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभा असतो. दुनळीत दोन काडतुसं मावतात, बाकीची कमरेच्या पट्ट्यात. तिथं प्रश्नच मिटतो. पण भाच्याकडं एके-४७ आहे. त्याची ड्युटी रात्रगस्तीच्या गाडीवर. जिल्हा लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही.

त्याची अडचण खरी होती. गाडीत रायफल दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी. तिला एक मॅगझिन लावलेलं, ३० राऊंडचं, म्हणजे तीस गोळ्यांचं. बाकीची मॅगझिनं जाकिटाच्या पाऊचमध्ये, आणि जाकीट मागच्या सीटवर, कारण रात्रभर ते वजन छातीवर घेऊन गाडीत कोण बसतं? आता समजा वायरलेसवर काही आलं, गाडी थांबली, दार उघडून उडी मारली. हातात काय येणार? रायफल. जाकीट गाडीतच. "म्हणजे मामा, माझ्याकडं तीसच. आणि बाकीचा खजिना मागच्या सीटवर झोपलेला."

खजिना हा शब्द तो सहज बोलून गेला, पण तो अगदी नेमका आहे. मॅगझिन म्हटलं की आपल्याकडं दिवाळी अंक आठवतो, आणि दोन्हींचं मूळ एकच, अरबीतला मख्जन. म्हणजे कोठार. आपला खजिना त्याच धातूतून आला. अंकात मजकुराचं कोठार, रायफलखाली गोळ्यांचं.

त्यानं मोबाईलवर बघितलं होतं की अमेरिकेतले पोलीस दुसरं मॅगझिन रायफललाच अडकवतात. ते खरं आहे आणि त्यालाही कारण आहे. तिकडच्या गस्तीच्या पोलिसाकडं पूर्वी पिस्तूल आणि गाडीत फार तर शॉटगन असायची. २८ फेब्रुवारी १९९७ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवूड भागात अंगभर चिलखत घातलेल्या दोन दरोडेखोरांनी बँक लुटली आणि बाहेर येऊन ऑटोमॅटिक रायफलींनी पाऊण तासाच्या आसपास गोळीबार केला. पोलिसांच्या पिस्तुलाच्या गोळ्या त्यांच्या चिलखतात अडकत होत्या. शेवटी दोघंही मेले, पण त्या सकाळनंतर गस्तीच्या गाडीत रायफल ठेवायची गरज तिकडं सगळ्यांना पटली. रायफल आली, तशी तिच्या पाठोपाठ भाच्याची अडचणही आली. तिथल्या पोलिसाच्या कमरेच्या पट्ट्यावर पिस्तुलाची मॅगझिनं असतात, रायफलची नसतात. मग कुणी बटावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यावर, कापडी पाऊच चढवला, कुणी दोन मॅगझिनं शेजारीशेजारी धरणारा चाप लावला, कुणी रायफलच्या डाव्या अंगाला मॅगझिन धरून ठेवणारी कडी बसवली. भाच्याचा रिमोट त्या कडीच्या जागी होता.

मी छत्री हातात घेतली, खांद्याला लावली, आणि फौजी सवयीनं पहिलं वाक्य बोललो ते नकाराचं. "वजन बघ लेका."

एके-४७च्या पत्र्याच्या भरलेल्या मॅगझिनचं वजन ८०० ग्रॅमच्या आसपास भरतं. रायफल साडेतीन-चार किलोची. ८०० ग्रॅम म्हणजे काय, हे वाण्याकडं कुणाला फार वाटत नाही, पण हात लांब करून धरलेल्या वस्तूवर ते चढलं की दहाव्या मिनिटाला खांदा बोलायला लागतो. छातीवरच्या पाऊचमधलं वजन धड वाहतं, रायफलवरचं वजन हात वाहतात, आणि नेम धरायचा असतो तो त्याच हातांनी. शिवाय एका अंगाला बांधलेलं वजन रायफल कलती करतं. झुडपातून जाताना फांदी अडकते, गाडीतून उतरताना दाराची कड.

"पण तीस राऊंड किती वेळ पुरतात, मामा?"

याचं उत्तर सरळ गणित आहे. एके मिनिटाला ६०० राऊंडच्या वेगानं फेकते. बोट दाबून धरलं तर तीस राऊंड तीन सेकंदांत संपतात. म्हणून तर बोट दाबून धरायचंच नाही, हे शिकवण्यात उस्तादांचं अर्धं आयुष्य जातं. इन्सासला, म्हणजे आपल्या देशी रायफलला, त्याच भीतीनं सलग फायर ठेवलाच नाही, फायरचा प्रकार बदलायच्या खटक्यावर, चेंज लिव्हरवर, एकेक आणि तीन-तीन एवढंच. तिचं मॅगझिन २० राऊंडचं, अर्धपारदर्शक, आत किती उरलेत ते बाहेरून दिसतं. तीनच्या हिशोबानं सहा वेळा, आणि वर दोन उरतात. कारगिलच्या थंडीत त्याच प्लास्टिकला तडे गेल्याच्या तक्रारी होत्या, त्या वेगळ्या. पत्र्याच्या मॅगझिनला तडे जात नाहीत, पण आतलं दिसतही नाही. आणि एकेचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा खटका, शेवटच्या राऊंडनंतर उघडा राहत नाही, पुढं येऊन बसतो. म्हणजे संपलं हे तुम्हाला कळतं ते पुढच्या वेळी घोडा दाबल्यावर, 'टक्' आवाज आल्यावर. तो आवाज मोठा नसतो, पण त्याच्याएवढा मोठा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. म्हणून काही जण भरताना तळाशी दोन-तीन ट्रेसर, म्हणजे उडताना पेटत जाणाऱ्या गोळ्या, घालत. लाल रेघ उडाली की समजायचं, आता बदला. मी स्वतः तिसाच्या जागी २८च भरायचो. स्प्रिंगला थोडा श्वास राहतो, मॅगझिन बसवताना जोर लावावा लागत नाही. हे पुस्तकात नव्हतं, पण आमच्या सेक्शनमध्ये सगळेच भरायचे.

बहीण भांडी घासत ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "ओंबळ्यांच्या हातात काय होतं रं? काठी."

त्यावर आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. तुकाराम ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबेचे. फौजेतून आले, मुंबई पोलिसात गेले, आणि २६/११च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या एकेची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. आमच्या भागात मॅगझिनचा विषय कितीही रंगला तरी कुणीतरी हे नाव काढतं, आणि मग हिशोब पुढं सरकत नाही. भाच्यानं छत्री खाली ठेवली. मग पुन्हा उचलली.

राखीव गोळी कुठं ठेवायची, हा प्रश्न साताऱ्याला नवा नाही. अपशिंगे या गावाच्या नावापुढंच मिलिटरी लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान गेले, त्यांच्या आठवणीचा इंग्रजांनी लावलेला फलक गावात आहे. त्या काळची रायफल ली-एनफिल्ड, आपली थ्री-नॉट-थ्री. मॅगझिन दहा राऊंडचं, वरून पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरायचं. ते निघायचं, पण साफसफाईला. दुसरं मॅगझिन खिशात घालून कुणी फिरत नसे. उलट त्या घराण्यातल्या सुरुवातीच्या रायफलींना एक पत्र्याची झडप होती, कट-ऑफ म्हणत. ती आत ढकलली की मॅगझिन बंद. जवानानं एकेक राऊंड हातानं घालायचा, मारायचा, पुन्हा घालायचा. मॅगझिनमधले दहाच्या दहा राखीव. हुकूम मिळाला तरच झडप उघडायची. म्हणजे शिपायाच्या हातात पेटी द्यायची आणि किल्ली साहेबाच्या खिशात. युद्ध पेटल्यावर या काटकसरीचा कुणालाच उपयोग उरला नाही, आणि नव्या रायफलींतून ती झडप गळाली. तरी मला त्या कल्पनेचं अजून नवल वाटतं. दुसरं मॅगझिन नव्हतं, तेव्हा पहिल्यालाच कुलूप लावून त्याचं दुसरं केलं.

आमच्या भावकीतले एक थोरले त्या लढाईत मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात होते, असं घरात सांगतात. कुठल्या पलटणीत, ते सांगणारं कुणी उरलं नाही. तिथल्या कुत-अल-अमारा या गावात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी वेढ्यात अडकल्या होत्या. वेढा डिसेंबर १९१५मध्ये पडला, शरणागती २९ एप्रिल १९१६ला झाली. गोळ्या संपल्या म्हणून नव्हे. दाणागोटा संपला. घोडे कापून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या कितीतरी जवानांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. लहानपणी मी ताटात भाकरी टाकली की आजी 'कुताला जा' म्हणायची. ते गाव आहे, हे मला फौजेत गेल्यावर कळलं.

असो. भाचा विचारत होता एक, आणि मी नेहमीप्रमाणं गेलो भलतीकडं.

तर रायफलवर का नको, याचं माझं खरं कारण वजन नव्हतं. ते मी त्याला सांगितलं. पहिल्या टेन्युअरला मी हुशार होतो. दोन मॅगझिनं उलटसुलट धरायची, एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली, आणि मधून चिकटपट्टीचे चार वेढे. एक संपलं की काढा, फिरवा, तेच परत बसवा. पाऊचमध्ये हात घालायला नको. दिसायलाही झकास दिसतं. सगळ्या नव्या पोरांना ते आवडतं, मलाही आवडलं. एकदा पावसाळी दिवसांत गस्तीवरून परतताना एक नाला ओलांडला, पलीकडच्या चढावर कोपरावर सरकावं लागलं. खालच्या मॅगझिनचं तोंड रायफलच्या सगळ्यात खाली. नांगराच्या फाळासारखं ते चिखलातून गेलं असणार. मला पत्ताच नाही. कॅम्पात आल्यावर उस्तादांनी सगळ्यांची शस्त्रं तपासली. माझ्यापाशी थांबले. चिकटपट्टी सोडायला लावली. मग खालचं मॅगझिन माझ्या तळहातावर उपडं करून वरून दोन थापा मारल्या. चिखलाचा गोळा पडला, चांगला सुपारीएवढा.

रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "हे तुझं दुसरं मॅगझिन? बरं." आणि पुढच्या जवानाकडं गेले.

त्या 'बरं'नं मी रात्रभर जागा होतो. सगळे राऊंड एकेक करून काढले, पुसले, मॅगझिन खोललं, स्प्रिंग धुतली, चिंधीनं कोपरे साफ केले. आपल्याजवळ आहे अशा भरवशावर मी तो दिवसभर चाललो होतो, आणि ते नव्हतंच. नसलेलं बरं, कारण मग माणूस सांभाळून असतो. त्यानंतर माझी मॅगझिनं कायम पाऊचमध्ये, तोंड खाली, राऊंडची टोकं एकाच बाजूला, म्हणजे अंधारात हातात आलं की न बघता तसंच बसेल. एकेचं मॅगझिन आधी पुढचा आकडा अडकवून मग मागं ओढायचं असतं, 'कट्' वाजेपर्यंत. उलटं आलं तर अंधारात तेवढा अर्धा श्वास जातो.

भाच्यानं हे सगळं नीट ऐकलं. "म्हणजे अंगावरच," तो म्हणाला.

"अंगावरच."

इथं मी त्याला एक गोष्ट सांगितली नाही. मामा म्हणून नाही सांगितली. इथं लिहितो.

दुसऱ्या टेन्युअरला, एका रात्री, आमच्या कॅम्पाच्या तारेला बांधलेले रिकामे डबे खणखणले. पहाऱ्यावरच्या संत्रीनं फायर केला. मी बरॅकमध्ये झोपलो होतो, बनियनवर. उठलो, रायफल घेतली, बुटांच्या नाड्या न बांधता मोर्चात, म्हणजे गोळीबाराच्या आडोशाला, जाऊन पडलो. रायफल उशाशी होती, ती हाताला आली. पाऊच खुंटीला होता. तो खुंटीलाच राहिला. अंधारात वीसेक मिनिटं मी २८ राऊंडवर पडून होतो आणि मनातल्या मनात अठ्ठावीसचे पाढे करत होतो. दोन-दोन मारले तर चौदा वेळा. एकेक मारला तर अठ्ठावीस. आणि दर वेळी डावा हात आपोआप छातीकडं जायचा, बनियनला लागायचा, परत यायचा. शेवटी बॅटरीच्या उजेडात तारेपलीकडं दिसलं ते अस्वल. लंगरच्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या, खरकट्याच्या वासानं आलं होतं. सगळे हसले, मीही हसलो. माझ्या छातीवर पाऊच नव्हता हे त्या हसण्यात कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही. त्या रात्री चिकटपट्टीवालं मॅगझिन असतं तर माझ्याकडं छपन्न राऊंड असते. चिखल असो वा नसो.

आमच्या आईची उतरंड होती. सात मडकी, एकावर एक. घरातले जादाचे पैसे ती सगळ्यात तळच्या मडक्यात ठेवायची, चिंचेखाली. चोराला सापडणार नाहीत अशी जागा. बापाला एकदा रात्री फुरसं चावलं. गाडी ठरवून साताऱ्याला न्यायचं होतं, गाडीवाल्याला आधी पैसे हवे होते. आईनं कंदिलाच्या उजेडात सात मडकी एकेक करून उतरवली. एकही फोडलं नाही, हे ती पुढं कितीतरी वर्षं अभिमानानं सांगायची. बाप वाचला. पण बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं आणि आत ती चौथं मडकं भिंतीला टेकवून ठेवत होती, ते मला अजून दिसतं. दुसऱ्या दिवशी तिनं काही नोटा काढून देवळीत, कुंकवाच्या करंड्यामागं ठेवल्या. महिनाभरात धाकट्या चुलत्यानं तंबाखूपायी त्या हळूहळू संपवल्या. मग पुन्हा तळचं मडकं.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या दारात उभं राहून मी हाच विचार करत होतो. गस्तीचा जवान पाऊचमध्येच राहतो. जेवतो पाऊचसकट, बसतो पाऊचसकट, दोन-दोन दिवस पायी चालतो. त्याच्या दृष्टीनं रायफलवरचं ८०० ग्रॅम ही रोजची मजुरी आहे. पोलीस राहतो गाडीत. त्याला आठ तासांत कदाचित चार मिनिटं रायफल धरायची, कदाचित वर्षातून एकदा, आणि ती चार मिनिटं दार उघडल्यापासून सुरू होणार. त्याला वजन कमी महत्त्वाचं, हाताला येणं जास्त. हे मला पटत होतं. पण आदल्या रात्री इतक्या ठासून 'अंगावरच' म्हटल्यावर आता छत्रीला रिमोट बांध असं कसं सांगणार?

म्हणून मी मधला रस्ता काढला. खांद्यावर तिरकी लटकवायची छोटी पिशवी, आत दोन मॅगझिनं, आणि पिशवी गाडीत रायफलच्याच शेजारी टांगायची. रायफल उचलली की पट्टा हाताला आलाच पाहिजे. भाच्याला ते पसंत पडलं. त्यानं वर्तमानपत्रावर आठवणीनं मॅगझिनचा आकार काढला, मी तो बघून बाक थोडा वाढवला, आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची दोन मॅगझिनं कापून एकावर एक चिकटवली. बहिणीनं त्याच्याच जुन्या जीन्सचा पाय उसवून मशीनवर पिशवी शिवली.

बटण लावलं होतं, ते मी नापास केलं. नळाखाली हात भिजवला, डोळे मिटले, बटण निघेना. मग तिनं वेल्क्रो लावला. तो उघडताना असा फाडल्यासारखा आवाज आला की शेजारचं कुत्रं भुंकलं. रात्री शांततेत तो आवाज शंभर पावलांवर जाईल. शेवटी मी सुतारकाम करणाऱ्या मित्राकडून बोटाएवढ्या दोन लाकडी गुंड्या करून आणल्या, वादीत अडकवायच्या. जुन्या चिनी पाऊचना असायच्या तशा. ओल्या हातानंही निघतात, आवाज नाही. डोळे मिटून मी पंधरा-वीस वेळा पुठ्ठ्याचं मॅगझिन काढून छत्रीला लावलं. बहीण म्हणाली, "दादा, पुरे, पुठ्ठा मऊ झाला." मग भाच्यानं केलं. पाचव्या-सहाव्या वेळी त्याचा हात बरोबर जायला लागला. जेवतानाही पिशवी गळ्यात. ताटावर वाकला की आमटीत बुडायची, तर मागं सरकवायचा.

तिनं पिशवी धुऊन वाळत घातली. संध्याकाळी आत आणून दारामागच्या खुंटीला लावली, सकाळी निघताना समोर दिसावी म्हणून.

पहाटे चारला त्याचा फोन वाजला. कुठंतरी बंदोबस्त लागला होता, रजा रद्द. तो उठला, तोंडावर पाणी मारलं, बॅग उचलली, आईच्या पाया पडला, माझ्या पडला, आणि गाडीला किक मारून पोवई नाक्याच्या दिशेनं गेला. स्टँडवर त्याला सोडायला गेलेला मित्र गाडी परत आणणार होता.

उजाडल्यावर दार लोटायला गेलो तर पिशवी खुंटीवर.

फोन केला. एसटीत होता, मागं कंडक्टरच्या मशीनचा आवाज येत होता. मी म्हटलं, "आरं, पिशवी राहिली की."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, म्हणून तर मी म्हणत होतो, रायफललाच..."

मी फोन बहिणीच्या हातात दिला.